गिरगाव गटात का बसत नाही?

खाली चार नावे दिली आहेत. त्यांतले गटात न बसणारे नाव ओळखा.

श्रीलंका, ग्रीनलँड, नेपाळ, मादागास्कर.

अशी कोडी तुम्हांला नवीन नाहीत. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत ती हमखास असतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी एव्हाना ‘नेपाळ’ हे उत्तर मनाशी पक्के केले असेल. बाकीची तिन्ही बेटे आहेत आणि नेपाळला तर समुद्र शिवतही नाही. उत्तर अगदी बरोबर आहे. पण तुमच्या वर्गात नकाशांचा नाद असलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच. ती म्हणेल, “छे! उत्तर ग्रीनलँड. श्रीलंका, नेपाळ आणि मादागास्कर हे स्वतंत्र देश आहेत. ग्रीनलँड हा डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहे.” तिचेही उत्तर बरोबर आहे! मग गुण कोणाला द्यायचे?

खरे म्हणजे दोघांनाही द्यायला हवेत आणि कोडे घालणाऱ्याचे कापायला हवेत. कारण त्याने नकळत दोन प्रश्न एकात मिसळले. ‘हे बेट आहे का?’ हा एक प्रश्न, आणि ‘हा देश आहे का?’ हा अगदी निराळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर समुद्राला विचारायचे असते, तर दुसऱ्याचे माणसांना.

आता आणखी एक गट पाहा.

परळ, वरळी, माहीम, गिरगाव, माझगाव.

मुंबईत राहणारा वाचक म्हणेल, यात कसले आले आहे वेगळे? सगळे मुंबईतलेच तर भाग! एका बसमध्ये बसले की यांतली दोनतीन ठिकाणे सहज ओलांडून होतात. तरीही यांतले एक नाव गटात बसत नाही. ते का बसत नाही हे कळण्यासाठी आधी बेट म्हणजे काय हे नीट पाहायला हवे. आणि गंमत अशी, की याच ‘बेट म्हणजे काय’ या प्रश्नावरून साडेतीनशे वर्षांपूर्वी मुंबईसाठी दोन राज्यांत मोठा तंटा झाला होता. त्या तंट्यात शेकडो माणसे प्राणांना मुकली.

पाणी केव्हाचे धरायचे?

‘चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट’ ही व्याख्या तुम्हांला पाठ आहे. ती चुकीची नाही, पण थोडी अपुरी आहे. पाण्याने वेढलेला, पण केव्हा? समुद्राचे पाणी एका जागी कधीच राहत नाही. दिवसातून दोनदा ते चढते आणि दोनदा उतरते. मुंबईच्या किनाऱ्यावर तर हा चढउतार चांगला जाणवण्याजोगा असतो. पावसाळ्यात साडेचार मीटरांहून उंच भरती कोणकोणत्या दिवशी येणार, त्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल.

आता हाजीअलीचा दर्गा डोळ्यांसमोर आणा. वरळी आणि महालक्ष्मी यांच्या दरम्यान, किनाऱ्यापासून थोडा आत, खडकावर तो उभा आहे. तेथे जाणारी वाट ओहोटीला उघडी असते आणि मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. म्हणजे सकाळी जे किनाऱ्याला जोडलेले होते ते दुपारी वेगळे झाले आणि संध्याकाळी पुन्हा जोडले गेले. मग हे बेट म्हणायचे की नाही?

असा घोळ होऊ नये म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारात १९८२ साली बेटाची व्याख्या नेमकी केली गेली. ती सांगते की, बेट म्हणजे नैसर्गिकरीत्या तयार झालेली, पाण्याने वेढलेली आणि भरतीच्या वेळीही पाण्याच्या वर राहणारी जमीन. यातला प्रत्येक शब्द मोजून ठेवलेला आहे. ‘नैसर्गिकरीत्या’ म्हटल्यामुळे समुद्रात भराव टाकून केलेली जमीन वगळली गेली. ‘भरतीच्या वेळीही’ म्हटल्यामुळे ओहोटीला डोके वर काढणारे खडक आणि वाळूचे दांडे वगळले गेले.

एवढी काटेकोर व्याख्या कशासाठी? तर बेटामागे समुद्र येतो! ज्या बेटावर माणसांची वस्ती टिकू शकते किंवा तेथल्या तेथे काही अर्थव्यवहार चालू शकतो, त्याच्या भोवतीच्या २०० सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या समुद्रातल्या मासळीवर आणि तळाखालच्या तेलावर त्या बेटाच्या मालकाचा हक्क चालतो. तुम्ही गणित करूनच पाहा. ३७० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ४,३०,००० चौरस किलोमीटर भरते. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ आहे सुमारे ३,०८,००० चौरस किलोमीटर. जवळपास दुसरी जमीन नसेल, तर नकाशावरच्या एका ठिपक्यामुळे महाराष्ट्राहून मोठा समुद्र हाती येतो. पण तोच ठिपका ‘बेट नव्हे, नुसता खडक’ ठरला, तर मिळतात अवघे १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे १,५०० चौरस किलोमीटर. मोठमोठे देश समुद्रातल्या लहानशा खडकांवरून भांडतात, त्याचे इंगित या आकड्यांत आहे.

देश म्हणजे कोणता देश?

बेटापेक्षा देश ओळखणे सोपे वाटते, पण ते तसे नाही. मुळात आपल्या मराठीतच हा शब्द मोठा मौजेचा आहे. लालबाग-परळच्या चाळीतल्या एखाद्या कोकणी आजीने “ती सून देशावरची आहे” असे म्हटले, तर ती सून परदेशातून आलेली नसते. ती सह्याद्रीच्या पलीकडच्या, म्हणजे पुणे-सातारा-नगरकडच्या पठारावरची असते. ‘बेट’ शब्दाचेही तसेच. कळकाचे बेट म्हणजे बांबूंचा दाट पुंजका. त्याच्या भोवती पाण्याचा थेंबही नसतो.

राज्यशास्त्रात मात्र देश म्हणजे स्वतंत्र राष्ट्र ठरवण्याच्या चार कसोट्या सांगतात. १९३३ साली माँटेव्हिडिओ येथे झालेल्या कराराने त्या नोंदल्या : कायमची लोकसंख्या, ठरावीक भूप्रदेश, स्वतःचे शासन, आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता. यांत पाण्याचा कोठेही उल्लेख नाही. आज संयुक्त राष्ट्रांचे १९३ देश सभासद आहेत. त्यांत बेटांवरचे आहेत, वाळवंटातले आहेत आणि नेपाळसारखे डोंगरांतलेही आहेत.

क्रिकेटचे वेड असलेल्यांसाठी एक गट देतो : जमैका, बार्बाडोस, गयाना, वेस्ट इंडीज. १९७१ साली सुनील गावसकरांनी आपल्या पहिल्याच मालिकेत ज्या संघाविरुद्ध ७७४ धावा काढल्या, तो वेस्ट इंडीज हा मुळी देशच नाही. कॅरिबियन समुद्रातल्या कित्येक देशांचा आणि प्रदेशांचा मिळून तो एक संघ आहे. जमैका आणि बार्बाडोस हे बेटांवरचे स्वतंत्र देश. आणि क्लाइव्ह लॉइडचा गयाना? तो दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे, तो बेट नव्हेच. तेव्हा येथेही उत्तरे दोन : बेट पाहाल तर गयाना बाहेर, देश पाहाल तर वेस्ट इंडीज बाहेर.

इंग्लंडची कथाही काही वेगळी नाही. इंग्लंड हे बेट नाही. बेटाचे नाव ग्रेट ब्रिटन, आणि त्यावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स असे तीन भाग आहेत. संयुक्त राष्ट्रांत जो देश बसतो त्याचे नाव युनायटेड किंग्डम. त्यात शेजारच्या आयर्लंड बेटाचा उत्तरेकडचा तुकडाही येतो. आयर्लंडच्या उरलेल्या भागात दुसराच स्वतंत्र देश आहे. बोर्निओ बेटावर तर इंडोनेशिया, मलेशिया आणि ब्रुनेई अशा तीन देशांची हद्द आहे.

गणितात तुम्ही संच शिकता. बेटांचा एक संच आणि देशांचा दुसरा संच अशी दोन वर्तुळे काढा. ती एकमेकांत थोडी शिरतील. त्या सामाईक भागात श्रीलंका आणि मादागास्कर यांची नावे लिहायला हात शिवशिवतील, पण थोडे थांबा. ‘श्रीलंका’ या देशात ते मोठे बेट आहेच, शिवाय जाफन्याजवळची कितीतरी लहान बेटेही आहेत. मादागास्कर देशाचेही तसेच. म्हणजे बेट आणि देश या येथे दोन निराळ्या वस्तू आहेत. फक्त त्यांचे नाव एक आहे. काटेकोरपणे पाहिले, तर जेथे एकच बेट म्हणजेच अख्खा देश आहे अशी उदाहरणे थोडी. पॅसिफिक महासागरातला नाउरू हे त्यांपैकी एक. त्याचे क्षेत्रफळ आहे सुमारे २१ चौरस किलोमीटर.

आपल्या किनाऱ्यावरही याचा एक सुंदर नमुना आहे : मुरूडचा जंजिरा. अरबी भाषेत ‘जझीरा’ म्हणजे बेट. त्यावरून समुद्रातल्या त्या किल्ल्याला जंजिरा म्हणू लागले. पुढे सिद्दींच्या संस्थानाचेच नाव जंजिरा पडले. ते संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण तोपर्यंत ‘जंजिरा’ नावाच्या राज्याची बहुतेक जमीन बेटावर नव्हे, तर कोकणच्या मुख्य भूमीवर होती!

एकाच नावाच्या दोन वस्तू असल्या आणि बोलणाऱ्यांनी त्या निरनिराळ्या धरल्या, तर काय होते? मुंबईच्या बाबतीत नेमके तेच झाले.

एका शब्दाची किंमत

२३ जून १६६१ रोजी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचे पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्याशी लग्न ठरले. पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला जे द्यायचे कबूल केले, त्यात मुंबईचे बंदर आणि बेट होते. ‘मुंबई आंदण दिली’ ही कथा तुम्ही इतिहासात वाचली असेल. पुढे काय झाले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

१६६२ च्या सप्टेंबरात इंग्रजांची जहाजे मुंबईसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्यावर सर अब्राहम शिपमन हा अधिकारी आणि सुमारे ४०० सैनिक होते. बेट ताब्यात द्या, असे त्यांनी म्हणताच पोर्तुगीजांनी विचारले, कोणते बेट? इंग्रजांची समजूत अशी होती, की ‘मुंबई’ म्हणजे साष्टी आणि ठाण्यासह सगळा मुलूख. पोर्तुगीजांचे म्हणणे असे, की साष्टी हे वेगळे बेट, माहीम हे वेगळे बेट. आम्ही दिले आहे ते फक्त मुंबई नावाचे बेट. साष्टी मुंबईच्या कितीतरी पट मोठी. तिच्यात भातशेती, गावे, चर्चे आणि वसुली. ती जाऊ द्यायला पोर्तुगीज व्हाइसरॉय तयार नव्हता. अधिकारपत्रे नीट नाहीत असेही त्याने कारण पुढे केले आणि ताबा द्यायचे नाकारले.

जहाजे परत गेली. सैनिकांना उतरवायला जागा नव्हती. शेवटी शिपमन आणि त्याची माणसे कारवारजवळच्या अंजदीव नावाच्या लहानशा बेटावर जाऊन राहिली. या नावातला ‘दीव’ म्हणजे आपला ‘द्वीप’च. मालदीव, लक्षद्वीप आणि गुजरातच्या किनाऱ्याचे दीव ही त्याचीच भावंडे. म्हणजे एका बेटाचा अर्थ लागेपर्यंत ती माणसे दुसऱ्या बेटावर अडकून पडली. तेथे ना पुरेसे अन्न, ना औषध. पावसाळे आले, रोगराई आली. १६६४ च्या एप्रिलमध्ये खुद्द शिपमन मरण पावला. निघालेल्या सुमारे ४०० सैनिकांपैकी अखेर १०० च्या आसपासच उरले.

शिपमनच्या जागी आलेल्या हम्फ्री कूकने मग हात आखडता घेतला. साष्टीचा हट्ट सोडून त्याने पोर्तुगीजांच्या अटी मान्य केल्या आणि १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबईचा ताबा घेतला. पण कूक मोठा धोरणी होता. ताबा मिळताच त्याने माहीमवरही हात ठेवला. पोर्तुगीज ओरडले, ‘माहीम वेगळे बेट आहे!’ कूकचे उत्तर होते, ‘वेगळे कसे? ओहोटीला तर मुंबईहून माहीमला पायी चालत जाता येते. तेव्हा ते एकच बेट.’ माहीमच्या खाडीवर ज्याचा ताबा त्याच्या हाती खाडीतून जाणाऱ्या मालाची नाकेबंदी, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

आता १९८२ ची व्याख्या आठवा. तीत कसोटी भरतीची आहे, ओहोटीची नाही. ती तेव्हा असती, तर कूकसाहेब हरले असते आणि माहीम पोर्तुगीजांकडे राहिले असते. त्या काळी मात्र नियम असा नव्हता, आणि ज्याचे शिपाई जागेवर उभे त्याचीच व्याख्या चालली. साष्टीचे काय झाले म्हणाल, तर ती १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकली आणि १७७४ साली इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतली. व्याख्येने जे मिळाले नाही ते शंभराहून अधिक वर्षांनी त्यांनी लढाईने मिळवले.

सात बेटे कोठे गेली?

आता आपल्या पाच नावांकडे येऊ. त्या काळची मुंबई म्हणजे सात बेटे होती : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मुंबईची जमीन बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच काळ्या खडकाची आहे. तीत टेकड्यांच्या दोन रांगा दक्षिणोत्तर जातात. पश्चिमेकडच्या रांगेत मलबार हिल आणि वरळी, पूर्वेकडच्या रांगेत डोंगरी, माझगाव, परळ, शीव. मधला भाग सखल. महालक्ष्मीजवळच्या खिंडारातून भरतीचे पाणी आत घुसे आणि हा सगळा सखल भाग भरून टाकी. टेकड्या तेवढ्या वर राहत. त्याच ही बेटे.

या सातांत गिरगाव नाही! कारण गिरगाव हे बेट नव्हतेच. मलबार हिलपासून डोंगरीपर्यंत पसरलेल्या ‘मुंबई’ नावाच्या मुख्य बेटावरचे ते एक गाव होते. ‘गिरी’ म्हणजे डोंगर, त्याच्या पायथ्याचे गाव ते गिरगाव, अशी नावाची फोड नेहमी सांगितली जाते, आणि मलबार हिलकडे पाहिले की ती पटतेही. तेव्हा परळ, वरळी, माहीम, माझगाव या चार बेटांच्या गटात गिरगाव बसत नाही. दादर घातले असते, तरी तेही बसले नसते. सातांच्या यादीत दादर नाही. गिरगावकरांनी आणि दादरकरांनी रागावू नये. येथे आधार बेट असण्याचा आहे, मानाचा नाही.

बेटांमधले पाणी आज दिसत नाही, पण ते नावांत राहिले आहे. माझगावाच्या आणि मुंबईच्या बेटांमध्ये एक खाडी होती, तिचे नाव उमरखाडी. आज उमरखाडीत होडी नेऊन दाखवा! जवळच पायधुनी आहे. उथळ खाडी ओलांडून मुंबईत शिरणारी माणसे तेथे चिखलाचे पाय धूत, म्हणून ते नाव.

बेटे जोडण्याचे काम दीडशे वर्षांहून अधिक काळ चालले. त्यातले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे महालक्ष्मीचे खिंडार बुजवणे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत तेथे मोठा बांध घातला गेला आणि १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला. बांध पुन्हापुन्हा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू कारागिराला देवीने स्वप्नात येऊन समुद्रातल्या मूर्ती बाहेर काढायला सांगितले, आणि त्यानंतरच बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका आहे. विज्ञानाच्या मासिकात ती कशाला, असे कोणी विचारील. पण समुद्राला अडवणे त्या काळच्या लोकांना किती अवघड वाटत होते, हे तिच्यावरून चांगले कळते. खिंडार बंद झाले तसे भरतीचे पाणी आत यायचे थांबले, मधल्या दलदली वाळू लागल्या आणि त्यांत भर घालणे शक्य झाले. १८३८ साली कुलाबा रस्त्याने जोडला गेला. माहीम आणि वांद्रे यांच्यामधला रस्ता १८४५ साली खुला झाला. त्याचा खर्च, सुमारे १,५७,००० रुपये, जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी दिला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडून पथकर घेऊ नये अशी अट घातली.

सखल जमीन मात्र सखलच राहिली. परळ आणि दादर यांच्या दरम्यानचा हिंदमाताचा भाग जोराच्या पावसात का तुंबतो, याचे एक मोठे कारण हेच आहे. आणि त्याच वेळी मोठी भरती असली, तर पावसाच्या पाण्याला समुद्रात वाट मिळत नाही.

मग आज मुंबई बेट आहे का?

येथे पूल आणि भराव यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. पुलाखालून पाणी वाहत राहते, म्हणून पूल बांधल्याने बेटाचे बेटपण जात नाही. सिंगापूर १९२४ पासून मलायाच्या भूमीला रस्त्याने आणि रेल्वेने जोडलेले आहे. बहरीनहून सौदी अरेबियाला जाणारा सुमारे २५ किलोमीटरचा सेतू १९८६ साली झाला. दोन्ही अजून बेटेच मानली जातात. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा अटल सेतू २०२४ साली सुरू झाला, म्हणून आपण मुख्य भूमीला चिकटलो नाही.

पण खाडीच बुजवली, तर बेट संपते. सात बेटांच्या बाबतीत तसेच झाले. माहीमच्या बाजूला मिठी नदीची खाडी अजून आहे. शीव-कुर्ल्याच्या बाजूला मात्र मुंबईची जमीन साष्टीला मिळून गेली आहे. आणि साष्टीच्या उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. तेव्हा माझ्या मते ‘मुंबई हे बेट आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘मुंबई साष्टीच्या बेटाचे दक्षिण टोक आहे’ असे लिहिणे अधिक बरोबर. ज्या साष्टीवरून १६६२ साली एवढा तंटा झाला, तिच्याशी मुंबई अखेर माणसांनी टाकलेल्या दगडमातीने एक झाली. सिंगापूरही असेच भर घालून वाढले आहे. सुमारे ५८० चौरस किलोमीटरचे ते आता ७३० च्या वर गेले आहे. मात्र ते १९६५ साली स्वतंत्र झाले आणि आपल्या देशांच्या वर्तुळात जाऊन बसले. मुंबई त्या वर्तुळात नाही, ती एका राज्याची राजधानी आहे.

जगात आता याच्या उलट प्रकारही चालू आहे. पॅसिफिक महासागरातला तुवालू हा देश नऊ सखल बेटांवर वसलेला आहे. समुद्राची पातळी चढत आहे आणि त्याची जमीन पाण्याखाली जाण्याचा धोका आहे. बेटेच बुडाली तर देश उरेल का? १९३३ च्या कसोट्यांत भूप्रदेश आहे. तुवालूच्या लोकांनी २०२३ साली आपल्या राज्यघटनेत लिहून ठेवले, की समुद्राने जमीन गिळली तरी आमचे राष्ट्र कायम राहील. बेटांच्या वर्तुळातून बाहेर पडूनही देशांच्या वर्तुळात राहण्याचा हा प्रयत्न आहे. इतर देश त्याला कितपत मान देतील, ते तुम्ही मोठे व्हाल तेव्हा पाहायला मिळेल.

आता एक गट तुमच्यासाठी. हाजीअली, घारापुरी, जंजिरा, साष्टी. यांतले गटात न बसणारे नाव ओळखा. नकाशा जवळ घ्या, जमल्यास एखाद्या सुटीच्या दिवशी ओहोटीची वेळ पाहून मोठ्या माणसांबरोबर महालक्ष्मीकडे चक्करही मारा. या कोड्याची निदान तीन उत्तरे निघतात. जे उत्तर लिहाल, त्यापुढे ते कोणत्या आधारावर काढले तेही लिहा.